'डाऊट'ला शंका म्हणू की संशय?

सातरस्ता : आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) घरगुती प्रार्थनासभेसाठी एक इंग्रजी पत्रक मराठीत करतोय. विषय, कठीण दिवसांत विश्वासणाऱ्याच्या मनात येणारा 'डाऊट'. ज्यांच्या घरी सभा आहे त्यांचे माग वर्षभर बंद, त्यात मुलीचं आजारपण. पहिल्या खर्ड्यात लिहिलं, "प्रार्थनेच्या वेळी शंका आली तर काय करावं?" तरुण संघाची पोरं हसून बाकावर आडवी. मग 'संशय' केलं, तर एक आजी म्हणाल्या, "देवावर संशय घ्यायला तो काय माझा नवरा आहे?" आता काय लिहू?

शेंगाचटणी : पोरांचं चुकलं नाही, लघुशंकेनं तो शब्द नासवलाय. पण शास्त्रात, म्हणजे बायबलात, संशयच आहे की. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालता चालता बुडायला लागतो तेव्हा येशू म्हणतो, "अरे अल्पविश्वासी, तू संशय का धरलास?" (मत्तय १४:३१). 'धरलास' बघा, 'घेतलास' नाही. संशय घ्यायचा तो दुसऱ्यावर, धरायचा तो आपल्याच मनात. आजींना फक्त क्रियापद बदलून द्या.

जोडशब्द : आज 'संशय धरतो' कोण म्हणतं? तिथलं ग्रीक क्रियापद 'दिस्ताझो', त्याच्या पोटात 'दोन' आहे. अख्ख्या नव्या करारात ते दोनदाच येतं, दोन्ही वेळा मत्तयाच्या शुभवर्तमानात. दुसऱ्यांदा शेवटच्या अध्यायात. उठलेल्या येशूला शिष्य नमन करताहेत आणि त्यातल्याच काहींना संशय! आपल्या 'संशय'मधला धातू 'शी', म्हणजे निजणे. ग्रीक माणूस दुवाटेवर उभा, आपला तिथंच पथारी पसरून मोकळा (हे माझं पदरचं, कोशात शोधू नका).

कंबरतलाव : माझं माहेर तेलुगू. आमच्या बायबलात याच ओळीत 'संदेह' आहे, कन्नडमध्येही संदेहच. सोलापुरात तिन्ही भाषा एका गल्लीत नांदतात, मग मराठीनंच संदेहाला पुस्तकात का कोंडलं? लिहा बिनधास्त.

जोडशब्द : 'निःसंदेह' निबंधात शोभतो. पंडिता रमाबाई स्वतः संस्कृत कोळून प्यालेल्या, तरी बायबलाचं भाषांतर त्यांनी मुद्दाम साध्या मराठीत केलं. १९२४ साली, त्यांच्या मागे दोन वर्षांनी, ते पूर्ण निघालं. त्यांचं केडगाव आपल्याच पुणे लाइनवर आहे, तेवढी तरी लाज राखा.

शेंगाचटणी : साधं हवं ना? मग 'कच खाणे'. पेत्रानं वारा पाहिला आणि कच खाल्ली. संपलं.

सातरस्ता : पण या घरच्या बाईंनी कच खाल्लेली नाही. त्या रोज गुडघे टेकतात. मला म्हणाल्या, "तो ऐकतोय का, एवढंच कळू दे." याला काय म्हणायचं?

कंबरतलाव : हे गाऱ्हाणं. बाविसावं स्तोत्र काढा, 'तू माझा त्याग का केलास?' वधस्तंभावर येशूच्या तोंडी तेच आलं. त्याला कोणी शंकेखोर म्हणत नाही.

जोडशब्द : गाऱ्हाणं घालणारा ऐकणारा धरून चालतो. इथं प्रश्नच तो आहे. मार्क ९:२४ मधला बाप जवळचा वाटतो. पोरगं आजारी, आणि एकाच दमात येशूला विश्वास आहे म्हणतो नि अविश्वास घालवा म्हणतो. मूळ शब्द 'अपिस्तिया', सरळ 'अविश्वास'. तेच लिहा.

शेंगाचटणी : अविश्वास म्हटलं की मला महापालिकेतला ठराव दिसतो.

होटगीरोड : कशाला एवढं? 'डाऊट'च ठेवा. पोरं 'डाऊट खातात' म्हणतातच की. मराठी माणूस मार खातो, शपथ खातो, भाव खातो, कच खातो, त्यात डाऊट जड झाला का?

जोडशब्द : पत्रकात 'डाऊट खाऊ नका' छापणार?

होटगीरोड : आजींना तरी कळेल. बाकी हा 'कच' कुठला? कच्चा तोच ना?

शेंगाचटणी : छे. आमचे वडील म्हणायचे पतंगातला, मांजाला काच लावतात तो.

जोडशब्द : काच वेगळी, कच वेगळा. 'आ'कार असा वाऱ्यावर जात नाही.

शेंगाचटणी : 'हात'चं 'हातोडा' होतं पण 'कान'चं 'कनपट'. गेला ना आकार? आता बोला.