महिनाभराचे मौन
‘महिनाभर गप्प राहिलेली आई निर्दोष सुटलीच कशी?’ हा केसी अँथनी खटल्याबद्दलचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या ऑर्लँडोची दोन वर्षांची केली अँथनी १६ जून २००८ नंतर कोणाला दिसली नाही, आणि जवळपास महिनाभराने पोलिसांना फोन केला तो आजीने, मोटारीतल्या दुर्गंधीने हादरून. आई केसीने तर सांभाळणाऱ्या बाईने मुलीला पळवल्याची गोष्टच रचली. तथापि डिसेंबरात घराजवळच्या झाडीत सापडलेल्या अस्थींवरून मृत्यू नेमका कशाने झाला हे ठरवता आले नाही, आणि सरकारी पक्ष (माझ्या मते) तिथेच अडखळला. ज्यूरीने २०११ मध्ये तिला खुनाच्या आरोपातून मुक्त केले. पोलिसांशी खोटे बोलल्याबद्दल मात्र दोषी धरले.