अनुभव धागा: लिनक्सवर गेम खेळणारे, मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइली) बसवणारे कोण कोण आहेत?

वर्धाकाठ
तान्ह्या पोळ्याला भाचा आर्वीला आला होता. त्याच्या लॅपटॉपवर मॉरोविंड हा जुना गेम चालू, तोही ओपनएमडब्ल्यूवर, म्हणजे त्या गेमसाठी नव्याने लिहिलेल्या मोफत इंजिनावर. ते संगीत कानावर पडलं अन् हॉस्टेलचे दिवस आठवले. तेव्हा नुसत्या वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) एक गेम उभा करायचा तर रात्र जायची. २०१८ मध्ये वाइनवरच बेतलेलं प्रोटॉन आलं आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले कितीतरी विंडोजचे गेम एका क्लिकवर सुरू व्हायला लागले. गावाकडे जुन्या मशीनवर खेळलेल्यांनी लिहा. मॉडवाल्यांनी तर लिहाच.

संत्राबाग
फाइलच्या नावांनी लय छळलं राजेहो. गेमचं 'टेक्सचर्स' (भिंती-जमिनीवरची चित्रं) फोल्डर मोठ्या टीचं, मॉडच्या झिपमधलं छोट्या टीचं. लिनक्सले ते दोन वेगळे. वाइन त्यातलं एकच धरते. मग अर्ध्या भिंती नव्या, अर्ध्या जुन्याच. झिप उघडली की आधी नावं जुळवतो, मग गेम.

पऱ्हाटी
@संत्राबाग भाऊ, ओपनएमडब्ल्यूत हा त्रासच नाही, लहानमोठं अक्षर ते सारखंच धरते. मॉडच्या फोल्डरचा पत्ता कॉन्फिगमध्ये लिहायचा, मूळ डेटाले हातच लागत नाही. नको झालं तं ती ओळ काढून टाकायची.

मेळघाटची_लेक
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. स्टीम लायब्ररी एनटीएफएसवर (विंडोजच्या पद्धतीची डिस्क) असेल तर 'कॉम्पॅटडेटा' हे प्रोटॉनचं फोल्डर तेवढं एक्सटी४ वर (लिनक्सच्या पद्धतीची डिस्क) हलवून लिंक द्या. प्रोटॉन आत 'सी:' नावाची लिंक बनवतं, त्यातला कोलन विंडोजला चालत नाही. शिट्टी झाली, येते.

ढोरवाट
चौथ्या पिढीचं इंटेल आहे, त्यावर व्हल्कन (ग्राफिक्सची नवी पद्धत) अर्धवट. म्हणून प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके, जे विंडोजचे ग्राफिक्स व्हल्कनमध्ये बदलतं, ते चालत नाही. काय करावं?

वर्धाकाठ
लाँच ऑप्शनमध्ये वाइनडीथ्रीडी चालू कर, म्हणजे व्हल्कनऐवजी ओपनजीएल ही जुनी पद्धत वापरेल. वेग कमी मिळेल, पण जुने गेम छान चालतात.

संत्राबाग
अन् रोजचा दीड जीबीच असेल तं शेडर प्री-कॅशिंग (ग्राफिक्सच्या तयार फाइली आधीच डाउनलोड करणं) बंद ठेव. पहिल्यांदा गेम अडखळते, पण नेट पुरते.

पऱ्हाटी
नेटचं सोडा, लाइनचं सांगा. या हप्त्यात आमच्याकडे थ्री फेज रात्रीच. मोटर सुरू करून धुऱ्यावर बसून हे लिहून राहिलो.

ढोरवाट
सांभाळून दादा, पायात बूट घाला, सापाचे दिवस आहेत. बोंडअळी कशी आहे तिकडं?

पऱ्हाटी
कामगंध सापळे लावले. पतंग सापडून राहिले रोज.

मेळघाटची_लेक
आले परत. डीएलएलवाले (विंडोजच्या लायब्ररी फाइली बदलणारे) मॉड राहिलेच की! 'डीइनपुट८' ही फाइल गेमच्या फोल्डरात टाकली तरी वाइन स्वतःचीच उचलते. लाँच ऑप्शनमधल्या ओव्हरराइडमध्ये आधी नेटिव्ह (मॉडची), मग बिल्टइन (वाइनची) असं लिहावं लागतं. माझ्या भावाने या एका ओळीपायी सुट्टीभर डोकं धरलं होतं, बिचारा.

ढोरवाट
ताई, वाइनडीथ्रीडीनं चालला गेम! आता ही ओळ टाकून पाहतो. दोन्ही एकाच लाँच ऑप्शनमध्ये चालतील ना?

मेळघाटची_लेक
हो, मध्ये जागा सोडून लिही. गेम सुरू करणारा 'कमांड' हा शब्द शेवटी, दोन्हीकडे टक्क्याचं चिन्ह देऊन.