मदत हवी आहे: निर्मात्याची पाटी हरवलेल्या नॅरोगेज वाफेच्या इंजिनाची ओळख कशी पटवावी?

नमस्कार. एका संग्रहालयाच्या आवारात जतन केलेल्या छोट्या वाफेच्या इंजिनाचा निर्माता शोधण्याचा प्रयत्न मी बरेच दिवस करत आहे. गेज (दोन रुळांमधील अंतर) ६१० मिलिमीटर, चाकांची रचना ०-४-२ (पुढे आधाराचे चाक नाही, मध्ये चार चालक चाके, मागे आधाराची दोन), पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली. निर्मात्याची पाटी गेलेली आहे. केबिनच्या बाजूला तिचे चार स्क्रूचे भोक आणि जुन्या रंगाच्या थरांतून उमटणारी लंबवर्तुळाकार कड एवढेच दिसते. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या हाइड पार्क कारखान्याची पाटी गोल आणि क्वीन्स पार्कची चौकटच्या पत्त्यातील खुणेसारखी असे, म्हणून ती दोन नावे मी तूर्त बाजूला ठेवली आहेत. मात्र लंबवर्तुळाकार पाट्या कितीतरी कारखान्यांनी लावल्या, त्यामुळे त्यापुढे मार्ग खुंटतो.

सिलिंडरच्या व्यासावर मी भर दिलेला नाही, कारण दुरुस्तीत सिलिंडर पुन्हा बोअर केले (आतून कोरून रुंद केले) की मूळ माप उरत नाही. त्याऐवजी क्रँक पिन, म्हणजे चाकावरची दांडा जोडण्याची खुंटी, चाकाच्या केंद्रापासून किती दूर आहे ते मोजले. चार वेळा मोजून अंतर १५२ ते १५३ मिलिमीटर आले, म्हणजे स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव, या अंतराच्या दुप्पट) सुमारे ३०५ मिलिमीटर, अर्थात पूर्ण १२ इंच. माप पूर्ण इंचांत बसते, यावरून इंजिन ब्रिटिश किंवा अमेरिकन बनावटीचे असावे असे माझे मत झाले आहे. बोल्टचे आटे व्हिटवर्थ या ब्रिटिश इंची मानकाचे आहेत, पण जर्मन कारखानेही ते दीर्घकाळ वापरत असल्याने तो पुरावा मी दुय्यम मानतो. वॉल्शार्ट्स व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरमध्ये वाफ सोडण्याची वेळ ठरवणारी यंत्रणा) तर १८४४ पासूनचे आणि पुढे जगभर पसरलेले, त्यावरून काहीच ठरत नाही.

खरी अडचण क्रमांकांची आहे. रंग हळूहळू खरवडून, कागद ठेवून पेन्सिलीने घासल्यावर डाव्या बाजूच्या कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनची गती चाकाला देणारा दांडा) आणि कपलिंग रॉडवर (चालक चाके एकमेकांना जोडणारा दांडा) पंचाने ठोकलेला एकच चार आकडी क्रमांक उमटला. उजव्या कपलिंग रॉडवरही तोच आहे, परंतु उजव्या कनेक्टिंग रॉडवर भलताच क्रमांक असून त्याचे अंक आकाराने लहान आहेत. कार्यशाळेत एकाच प्रकारच्या इंजिनांचे सुटे भाग अदलाबदल होत, आणि बॉयलर तर सर्रास बदलले जात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच बॉयलरवरील क्रमांकाला मी इंजिनाचा क्रमांक मानत नाही.

जाणकारांना माझे प्रश्न असे: तीन दांड्यांवर जुळणारा क्रमांक मूळ इंजिनाचा मानणे कितपत सुरक्षित आहे, की तेही एखाद्या दुसऱ्या इंजिनाचे संच म्हणून आलेले असू शकतात? मुख्य फ्रेमवर कारखाना क्रमांक ठोकत असत का, आणि ठोकत असल्यास तो नेमका कोठे, म्हणजे बफर बीमच्या (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या तुळईच्या) मागे, सिलिंडरच्या बैठकीजवळ की अॅक्सल बॉक्सच्या (चाकाच्या आसाचे बेअरिंग धरणाऱ्या पेटीच्या) खाचेशी, शोधावा? फ्रेमवरील रंगाचे थर जाड असून संग्रहालयाने एका वेळी अगदी थोडा भाग खरवडण्याचीच परवानगी दिली आहे, त्यामुळे पहिली जागा योग्य निवडणे माझ्यासाठी फार महत्त्वाचे आहे.