मदत हवी आहे : रस्ता तुटलेल्या वाड्यांवर सामान कसं चढवावं? (मुंबई ते पोलादपूर)

नमस्कार मंडळी,

आमचं मंडळ लालबागचं, पण निम्मी पोरं पोलादपूरकडची. आमच्या गावाच्या वर डोंगरात एक धनगरवाडा आणि दोन वाड्या आहेत. या पावसात वर जाणारा रस्ता दरडीने तुटलाय. माणसं सुखरूप आहेत. पण दुकान, गिरणी, दवाखाना सगळं खाली, आणि वीज नसल्यामुळे फोनही लागेनासे झालेत.

सामान भरपूर जमलंय. टेम्पो माणगाव-महाड करत गावातल्या शाळेपर्यंत जाईल. त्यापुढे पायवाट, उभा चढ, निसरडं आणि मध्ये एक ओढा. आमचं घोडं तिथेच अडलंय.

भर पावसात असल्या चढावर एकाने किती वजन न्यावं? तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, चहा-साखर मिळून घरटी पिशवी बारा-तेरा किलोची होतेय. ट्रेकला जाणारा मित्र म्हणतो, दोन भाग करा, पाठीवर घ्या, हात मोकळे हवेत. मग गोणीलाच पट्टे शिवावेत की लोकांकडून जुन्या सॅक मागाव्यात? चूल पेटवायला सुकी लाकडंही नसणार, म्हणून पहिल्या खेपेत चिवडा, लाडू, बिस्किटं न्यावीत असं मला वाटतं.

बाटलीबंद पाण्याचे खोके येताहेत. लिटरला किलोभर ओझं! त्यापेक्षा पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध न्यावं म्हणतोय. प्रमाण आरोग्य केंद्रातून लिहून घेऊ. जुने कपडे बंद केलेत, त्यावरून चाळीतल्या दोन काकू बोलत नाहीत. ताडपत्र्या, चादरी, टॉर्च, सॅनिटरी पॅड मात्र हवेत.

एकाने ड्रोनचं काढलंय. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळलेल्या इरशाळवाडीला हवामानामुळे हेलिकॉप्टरसुद्धा जाऊ शकलं नव्हतं, तिथे आमचा ड्रोन काय उडणार? तरी कुणी पावसात वापरला असेल तर सांगा.

आणखी एक. २०२१ च्या पुरानंतर हमरस्त्यालगतच्या गावांत टेम्पोमागून टेम्पो रिकामे होत होते आणि वरच्या वाड्यांना कुणी विचारत नव्हतं. तसं होऊ नये म्हणून आधी तहसील कार्यालयात कळवावं, की तलाठी आणि पोलीस पाटलांकडून घरांची यादी घेतली तरी पुरे?

टेम्पो शनिवारी पहाटे निघतोय. त्या भागातली वाट माहीत असलेलं, ओझं घेऊन चढू शकणारं कुणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ओढ्यावर दोर बांधता येणारा एकजण तरी हवाच आहे.