मदत हवी आहे : गच्चीवर आधी सोलर की पांढरा रंग?

चौथा_मजला : पुण्यात 24 फ्लॅटची सोसायटी, गच्ची 4,000 चौ. फूट. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो. लिफ्ट-पंप-जिना या कॉमन मीटरवर महिन्याला 1,400 युनिट, मंजूर भार 10 किलोवॅट. निम्मे सभासद सोलर म्हणतात, निम्मे कूल रूफचा (ऊन परतवणारा पांढरा) रंग. क्रम काय ठेवावा?

कोबा_तपासनीस : दोन्ही करा, पण सगळ्यात आधी वॉटरप्रूफिंग. पॅनेल 25 वर्षं तिथेच राहणार. खाली गळती निघाली तर सगळं स्ट्रक्चर उतरवून पुन्हा चढवा, आणि तो खर्च रंगापेक्षा जड. कोब्यावर (गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थरावर) हातोडीने हलकं ठोकत जा, पोकळ आवाज येईल तेवढा तुकडा फोडून नवा करा. पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेचे गोलसर सांधे आणि पन्हळीचं तोंड नीट बघा, पाणी बहुतेक तिथूनच मुरतं.

मग रंग. चुना स्वस्त, पण पावसाळ्यात धुऊन जातो. अ‍ॅक्रिलिक कूल रूफ कोटिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा. स्लॅबमध्ये ओल असताना मारलात तर फुगे येऊन पापुद्रे निघतील. धूळ बसली की परावर्तन घटतं, म्हणून मार्चमध्ये एकदा गच्ची धुवायचीच.

मीटर_रीडर : सोलरचं गणित. 1 किलोवॅटला वर्षाची सरासरी रोज 4 युनिट धरा. तुम्हाला 12 किलोवॅट लागेल: 545 वॉटची 22 पॅनेल, मधल्या वाटांसकट साधारण 1,300 चौ. फूट. अडतं ते इथे: महाराष्ट्रात नेट मीटरिंगला (सोलरची जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घ्यायला) मंजूर भारापेक्षा मोठा प्रकल्प चालत नाही. आधी भार 12 करून घ्या, मग सोलरचा अर्ज. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, मात्र पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतीय सेलचीच हवीत. वर्षाला 17,500 युनिट म्हणजे ग्रिडची साधारण 12 टन कार्बन डायऑक्साइड वाचते.

टाकी आणि लिफ्टच्या खोलीची सावली डिसेंबरात सगळ्यात लांब पडते. मेमध्ये बघून जागा ठरवलीत तर फसाल. एका पॅनेलवर सावली आली तरी त्या अख्ख्या ओळीचं उत्पादन पडू शकतं.

चौथा_मजला : गच्चीचं पावसाचं पाणी बोअरला सोडलंय. रंगामुळे काही अडचण?

कोबा_तपासनीस : नव्या रंगावरचे पहिले दोन-तीन पाऊस आणि धुण्याचं पाणी बायपास व्हॉल्व्हने गटारात काढा. नंतर फिल्टरमधून बोअरला. 700 मिमी पाऊस धरला तर तुमच्या गच्चीवरून सव्वादोन लाख लिटरच्या आसपास पाणी मिळतं, सोडू नका. पॅनेल सकाळी सातच्या आत धुवा, साबण नको. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडकू शकते. आणि बोअरचं जड पाणी वापरलंत तर लगेच वायपरने ओढा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग घासूनही निघत नाहीत.