यशिका इलेक्ट्रो ३५ साठी चामडी केस: खाऱ्या हवेत कोणती घ्यावी?

मिऱ्याबंदर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आहे, जुना रोलचा कॅमेरा. शटर, प्रकाश मोजणारा मीटर ठीक, लेन्सही स्वच्छ. घर रत्नागिरीत, समुद्राला अगदी लागून. कॅमेऱ्याची मूळ चामडी केस आहे, समोरचा भाग खाली लोंबतो ती. पण आतल्या मखमलीला कुबट वास मारतो, तळाच्या शिवणीवर पांढरा बुरा धरलाय आणि टिचबटणांच्या मागे हिरवा, मेणासारखा थर साचलाय.

तीन मार्ग दिसतात. हीच केस साफ करून वापरणे, ऑनलाइन मिळते ती अर्धी केस (फक्त खालचा भाग झाकणारी) घेणे, किंवा कोल्हापूरकडच्या कारागिराकडून नवी शिवून घेणे. कॅमेरा स्कूटरवर, एसटीत आणि कधीकधी होडीतूनही जातो.

कुठली केस घ्यावी? पावसाळ्यात कॅमेरा केसमध्ये ठेवला तर चालेल का? चामड्याला खोबरेल लावा असं बरेच जण सांगतात, ते बरोबर आहे का?

---

आर्द्रता_४५

केस कुठलीही घ्या, तिच्यात कॅमेरा न्यायचा, ठेवायचा नाही. एवढं पाळलंत तर बाकीच्या चुका निभावून जातात.

कारण सांगतो. चामडं हवेतला ओलावा पितं. आपल्याकडे मृग लागल्यापासून घरातली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते. त्या हवेत चामडं स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा पाणी धरून बसतं. आर्द्रता ४५ टक्क्यांवर आणली की त्यातलं साधारण निम्मं पाणी बाहेर पडतं. आता हिशेब करा. केस २५० ग्रॅमची असेल आणि तुम्ही ती कॅमेऱ्यासकट हवाबंद डब्यात टाकलीत, तर पंचवीस-तीस ग्रॅम पाणी ती डब्यात सोडणार. याउलट २० लिटरच्या डब्यातली नुसती हवा घेतली, तापमान ३० अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरली, तरी तिच्यात पाणी असतं जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे डब्यात हवेचा प्रश्न नसतोच, चामड्याचा असतो. सव्वाशे-दीडशे ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) नुसती ती केस कोरडी करण्यात संपतं, आणि लोक म्हणतात जेल लवकर बाद होतं.

म्हणून पावसाळ्याआधी, मेच्या अखेरीस, कॅमेरा केसमधून काढा. रोल संपवून बाहेर काढा, बॅटरीही काढा. या कॅमेऱ्याची ५.६ व्होल्टची मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. अडॅप्टर लावून ६ व्होल्टची अल्कलाइन वापरतात आणि ती गळाली की तळातला संपर्क खाते. मग कॅमेरा रबरी कड असलेल्या डब्यात, सोबत एक छोटा आर्द्रतामापक आणि कापडी पिशवीत अर्धा किलो केशरी सिलिका जेल. मापकाचा काटा ४० ते ५० च्या मध्ये राहायला हवा. ६० च्या वर दिसला की जेल बदला. ३० च्या खालीही नको. जेलचे दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, बंद बरणीत गार होऊ द्या आणि परत वापरा. आच जास्त झाली तर रंग कायमचा जातो, मग जेल भिजलंय की कोरडं हे कळायला मार्ग राहत नाही.

डब्यात तांदूळ घालू नका. ओलावा फारसा ओढत नाहीत आणि त्यांची पीठासारखी भुकटी लेन्सच्या कड्यांत शिरते. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर जाऊन बसते.

लेन्सवर बुरशी धरली की तिच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं. वेळेत पुसली तर निघते. उशीर झाला तर धागे जातात पण त्यांची नक्षी काचेवर कोरलेली राहते, ती कुठल्याही द्रवाने जात नाही. बुरा धरलेल्या मखमलीत ही लेन्स आजच्या आज ठेवणं बंद करा.

केस स्वतः कुठे ठेवायची? कपाटाच्या आत नको. उघडी करून, हवा खेळेल अशी, भिंतीपासून थोडी लांब टांगा. दर आठ-दहा दिवसांनी कोरड्या कापडाने पुसा.

---

आरी_दोरा

शिवून घ्यायची असेल तर कारागिराला "कॅमेऱ्याची केस" एवढंच सांगून भागत नाही. चामडं, धातू, अस्तर आणि स्क्रू या चार गोष्टी आधी ठरवून द्या.

चामडं: कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. ते ओलं करून साच्यावर चढवलं की आकार धरतं, आणि केसला नेमकं तेच हवं असतं. क्रोमने (क्रोमियमच्या क्षाराने) कमावलेलं मऊ चामडं तसा आकार धरत नाही, उलट त्याच्यावर बुरा उशिरा येतो. माझं मत असं: अंगाला हिरड्या-बाभळीचं १.८ ते २ मिमी, तळाला २.५ ते ३ मिमी, आणि आतून क्रोमच्या बकरीचं ०.८ मिमी अस्तर. मखमल नको, स्पंज तर अजिबात नको. स्पंज काही वर्षांत विरघळून काळा चिकट लगदा होतो आणि तो कॅमेऱ्याच्या अंगावरून निघता निघत नाही. अस्तर डकवायला सोल्यूशन वापरलं असेल तर केस निदान आठवडाभर उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्या, मगच कॅमेरा आत.

साचा: कॅमेऱ्यावरच ओलं चामडं चढवायला देऊ नका, कितीही प्लास्टिक गुंडाळलं तरी. लाकडाचा ठोकळा कॅमेऱ्याच्या मापाचा करून घ्या, प्रत्येक बाजूला अस्तराची जाडी अधिक अर्धा मिमी मोकळीक. लेन्सच्या जागी पीव्हीसी पाइपचा तुकडा लावला तरी चालतो. चामडं पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं, मग बाहेर काढून त्याचा रंग किंचित उजळायला लागेपर्यंत थांबायचं. निथळतं चामडं साच्यावर चढवलं तर सुकताना कोपरे सुटतात. उन्हाळ्यात एका दिवसात सुकतं, पावसात तीन दिवसही कमी पडतात आणि तेवढ्यात बुरा येतो. त्यामुळे हे काम दिवाळी ते शिमगा या काळातच द्या.

आता ज्यात सगळ्यात जास्त बिघडतं ते. साच्यावर चामडं ठोकताना साधे लोखंडी खिळे वापरले की त्यांच्याभोवती निळेकाळे डाग पडतात. हिरड्यातलं टॅनिन (चामडं कमावणारं तुरट द्रव्य) आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग होणारच. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून जुन्या काळी शाई करायचे, तीच ही क्रिया. डाग पुसून जात नाही. टिचबटणं लोखंडी असली तरी खाऱ्या हवेत गंजून हेच होतं. पितळी घातली तर दुसरं दुखणं: चामड्यातलं तेल पितळेशी लागून हिरवा मेणचट कळंक धरतो, तुमच्या मूळ केसच्या बटणांमागे तोच आहे. किनाऱ्यासाठी स्टेनलेस घ्या, ३१६ ग्रेड मिळाली तर उत्तम, ३०४ वर वर्षभरात तांबूस ठिपके येतात पण ते पुसता येतात. पट्ट्याची कडीही तीच.

स्क्रू: कॅमेऱ्याच्या तळाचं भोक पाव इंची, इंचाला २० आटे. आतल्या चामड्याच्या वर स्क्रू फक्त ४ ते ५ मिमी दिसायला हवा. जास्त लांब असला तर भोकाच्या तळाला टेकतो, आणि तो घट्ट करायला जोर लावला की तळाची पट्टी आतून ढकलली जाते. शिवायला देण्याआधी भोकाची खोली काडीने मापून कागदावर लिहून द्या.

दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा, ०.८ मिमी, टाके ४ मिमी अंतरावर. सुती दोरा खाऱ्या ओलाव्यात कुजतो. टाके खोबणीत बसवायला सांगा, नाहीतर दोरा घासून तिथेच आधी तुटतो.

खोबरेल नको. ते चामड्यात मुरून बसतं, धूळ धरतं, बुरशीला खाद्य होतं आणि रंग काळपट करतं. पावसाआधी कुठलंच तेल नको. पाऊस संपून चामडं सुकलं की बिनरंगी क्रीम, बोटाच्या टोकावर मावेल एवढं, अख्ख्या केसला पुरतं.

---

लाल_माती

ऑनलाइन घेणार असाल तर जाहिरातीत नुसतं "इलेक्ट्रो ३५" लिहिलंय म्हणून पैसे देऊ नका. याच नावाने निघालेले सीसी आणि जीएक्स हे कॅमेरे अंगानेच लहान आहेत, त्यांच्या केसमध्ये जीएसएन बसणार नाही. केसच्या आतली लांबी आणि तळातल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांचं अंतर विक्रेत्याकडून मिलिमीटरमध्ये मागवा. माप द्यायला टाळाटाळ करणारा असेल तर सोडून द्या.

आणखी एक गोष्ट बघा. जीएसएनचं बॅटरीचं झाकण आणि रोल गुंडाळताना दाबायचं बटण दोन्ही तळाला आहेत. अर्ध्या केसच्या तळाला तिथे खिडकी नसेल तर दर रोलला स्क्रू सोडून केस काढावी लागते आणि आटे झिजत जातात.

पूर्ण केस की अर्धी? स्कूटरवर लाल धूळ उडते, ती बारीक असते आणि लेन्सच्या कड्यात गेली की फोकस फिरवताना खरखर लागते. तेव्हा मला विचाराल तर पूर्ण केस, पण समोरचा भाग वेगळा निघणारा. फोटो काढताना तो काढून पिशवीत टाकायचा, म्हणजे वाऱ्यात लेन्सपुढे फडफडत नाही. आणि केस बंद केल्यावर वरचं चामडं शटरच्या बटणावर टेकतंय का ते तपासा. या कॅमेऱ्यात बटण अर्धं दाबलं गेलं तरी दिवा लागतो. एसटीत तीन तास ते दाबलेलं राहिलं तर बॅटरी उतरलेली मिळेल.

---

मिऱ्याबंदर

सगळ्यांचे आभार. कारागिराकडून शिवून घेण्याचं नक्की केलं, दिवाळीनंतर. मूळ केस टाकवत नाही. ती सुधारेल का? आणि होडीचं कुणी बोललं नाही.

---

आरी_दोरा

सुधारेल की नाही ते आधी तपासा. तळाच्या शिवणीजवळ अंगठ्याने चामडं चोळा. बोटाला विटकरी भुकटी लागली तर चामडं आतून सडलंय, ते परत घट्ट होत नाही. तशी केस आठवण म्हणून कागदात गुंडाळून कॅमेऱ्यापासून लांब ठेवा.

भुकटी नसेल तर कोरडा दिवस बघून अंगणात न्या, घरात झटकू नका, नाक-तोंड बांधा. मऊ ब्रशने बुरा काढा. मग ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन कापड घट्ट पिळून पुसा, आधी आतल्या कोपऱ्यात रंग सुटतो का बघून. सावलीत, पंख्याखाली पूर्ण दिवस. मखमल वाचवू नका. तिच्या मागच्या सरसात बुरशी मुरलेली असते, म्हणून ती सोलून काढावी लागेल. हिरवा कळंक लाकडी दातकोरणीने खरवडा, सुरी लावलीत तर चामडं कापलं जाईल. शेवटची परीक्षा: केस एकटीच हवाबंद डब्यात मापकासोबत रात्रभर ठेवा. सकाळी मापक ६५ च्या वर असेल तर चामडं अजून ओलं आहे, आणखी सुकवा.

---

दर्यावर्दी_मालवण

होडीचं मी सांगतो दादा. सिंधुदुर्ग किल्ल्याला जाताना वारा असला की तुषार येतातच, आणि चामडं पाणी अडवत नाही, शिवणीतून आत जातं. होडीत बसण्याआधी कॅमेरा केससकट गुंडाळी करून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत घाला आणि किल्ल्यात उतरल्यावरच काढा. ओल्या हातांनी नाही.

तरी खारं पाणी लागलंच तर ते नुसतं सुकू देऊ नका. मीठ आत राहतं, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की बरणीतल्या मिठासारखं त्याला पाणी सुटतं. मग ती जागा पावसाळाभर ओलसर राहते, तिथलंच बटण गंजतं, तिथलाच टाका कुजतो. कॅमेरा लगेच बाहेर काढा. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने केस पुसा, कापड धुऊन दुसऱ्यांदा पुसा, शिवणीवर टिपून घ्या. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा म्हणजे आकार जात नाही, पण कागद आणि चामड्यामध्ये पांढरं सुती कापड घाला, नाहीतर शाई लागते. बोळे दोन-तीन तासांनी बदला. ऊन नको, चूल नको, डोक्याचे केस वाळवायचं यंत्रही (हेअर ड्रायर) नको. ओलं चामडं ७० अंशांच्या आसपास तापलं की आकसून खटखटीत होतं आणि मग कॅमेरा त्यात परत बसत नाही.

कॅमेऱ्याच्या अंगावर तुषार आले असतील तर तोही असाच पिळलेल्या कापडाने पुसा. आधी पट्ट्याच्या कड्या आणि तळाचा स्क्रू, मग लेन्सचं कडं. काचेला या कापडाने हात लावू नका. तिच्यावर मिठाचे कण बसलेले असतात, आधी हवा मारायच्या रबरी फुग्याने उडवा, मग लेन्स पुसायच्या द्रवाचा एक थेंब लेन्सच्या मऊ कागदावर घेऊन मधून कडेकडे पुसा. द्रव थेट काचेवर टाकलात तर कड्यातून आत उतरतो.