पडद्यावरचा फोन, घरातला फोन : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

जुळेसोलापूरची_लेक (धागा)

सोशल मीडियावरचे सिनेमे आणि मालिका आता भरपूर झाल्या. त्यांतल्या ज्या फक्त 'फोन वाईट' एवढंच सांगून थांबतात, त्यांच्यात माझं मन रमत नाही. एखादा प्रसंग बघून आपल्याच घरातलं, गल्लीतलं माणूस नव्याने कळलं, असं झालंय का कुणाला? ते लिहा. सिनेमाची गोष्ट थोडक्यात, स्वतःची सविस्तर. शाळा, दुकानं, माणसं यांची नावं नकोत.

माझ्यापुरतं सांगते. अनीश चगंटीचा 'सर्चिंग' (2018) पूर्णपणे संगणकाच्या आणि फोनच्या पडद्यांवर घडतो. त्यातला बाप मुलीला लिहितो की तुझ्या आईलाही अभिमान वाटला असता, आणि पाठवायच्या आधी ते पुसून टाकतो. मी पुण्यात, बाबा सोलापुरात एकटे. त्यांच्या नावाखाली 'टायपिंग' दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं, आणि शेवटी येतं काय, तर 'जेवलीस का?' सिनेमा पाहिल्यापासून असं झालं की मी सरळ फोन लावते. एकदा कळलं, आईसारखी शेंगा चटणी उखळात कुटून बघितली होती आणि तेल सुटलंच नव्हतं. हे लिहायचं की नाही, यावर त्यांचं अडलं होतं.

चाटीगल्ली

'ब्लॅक मिरर'चा 'नोजडाइव्ह' हा भाग (2016) आमच्या धंद्याला फार लागू आहे. त्यात माणसं फोनवरून एकमेकांना गुण देतात. त्यातली लेसी म्हणते, मला 4.2 गुण आहेत, ते 4.5 झाले की चांगलं घर सवलतीत मिळेल. मग दिसेल त्याच्यासमोर हसत सुटते. ते हसू बघवत नाही.

आमचं चादरी-टॉवेलचं दुकान वडिलांच्याही आधीपासून आहे. पूर्वी पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट करून येणारी माणसं गावातल्या कुणाला तरी विचारून यायची. आता स्टेशनवरच नकाशा उघडून तारे बघतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, अक्षता सोहळ्याला आम्ही दुकान बंद ठेवतो. संमती कट्ट्याकडे सगळं गाव लोटलेलं असतं, दुकानात बसणार कोण? त्याच दिवशी बाहेरगावचं एक कुटुंब आलं, बंद शटर बघून एक तारा देऊन गेलं. मला झोप नाही. उत्तर काय लिहावं, कुणाकुणाला पाच तारे द्यायला सांगावं, हेच डोक्यात.

वडिलांना दाखवलं. म्हणाले, "चादर घ्यायला आला होता, मिळाली नाही, चिडला. पत्ता असता तर पाठवून दिली असती." ताऱ्याबद्दल एक शब्द नाही. त्या भागात 1.4 गुणांची एक ट्रकवाली बाई आहे, गुणांची पर्वा सोडलेली, आणि लेसीला ट्रकमध्ये घेते तीच. वडील मला त्या बाईच्या जातकुळीतले वाटतात. फरक एवढाच की त्यांना सोडावं काहीच लागलं नाही, ते त्या शर्यतीत उतरलेच नव्हते. मला मात्र उतरावंच लागतं, कारण गिऱ्हाईक तिथूनच येतं. सिनेमावाले बाहेर पडायची वाट दाखवतात, पण दुकान चालवून ती वाट कशी धरायची हे कुणी दाखवत नाही.

खडू_डस्टर

शिक्षिका आहे, आठवी-नववीला शिकवते. 'अ‍ॅडोलसन्स' (2025) बघून मी बराच वेळ नुसती बसून होते. चारच भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये. तेरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप आहे. दुसऱ्या भागात तपास करणारा पोलीस शाळेत येतो, आणि त्याचाच मुलगा, त्याच शाळेत शिकणारा, त्याला बाजूला घेऊन सांगतो की बाबा, इन्स्टाग्रामवरच्या त्या चिन्हांचा (इमोजींचा) अर्थ तुम्ही लावताय तो नाही. बाप पोलीस, सगळे पुरावे समोर, आणि वाचता येत नाहीत.

आमच्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं चालतं. एकीचं दुसरीला कळलं नाही तर तिसरी सांगते. चिडवाचिडवी कुठल्याही भाषेत झाली तरी सूर ओळखू येतो. पण मागच्या वर्षी एक हुशार मुलगी अचानक बोलेनाशी झाली, आणि वर्गात तर कुणी काही बोललेलंच नव्हतं. तिच्या प्रत्येक फोटोखाली तीच मुलं तेच एक साधं चिन्ह टाकत होती. मोठ्यांपैकी कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. मला अर्थ सांगितला तो मागच्या बाकावरच्या मुलाने, तोही स्वतःहून, मधल्या सुट्टीत, इकडेतिकडे बघत. त्या मुलाची हिंमत मला फार मोठी वाटते. आम्ही पालकांना बोलावलं, बोललो, हळूहळू ते थांबलं. मुलगी आता परत हात वर करते.

पूर्वभाग_अक्का

माझं थोडं वेगळं आहे. आमच्या घरात आई, मावशी, शेजारच्या अक्का सगळ्या विड्या वळायच्या. पानं कातरायची, तंबाखू भरायची, मान खाली. टिकटॉक आलं आणि माझी मावशी जुन्या तेलुगू गाण्यांवर व्हिडिओ करू लागली. सूप बाजूला ठेवायची, पदर नीट करायची, आणि चेहरा असा फुलायचा की आम्हीच बघत राहायचो. हैदराबादकडच्या अनोळखी बायका तिला 'अक्का, आणखी करा' म्हणायच्या. 29 जून 2020 ला बंदी आली आणि तिचं सगळं गेलं. बंदीच्या बाजूने, विरुद्ध, मला वाद घालायचा नाही. पण तिने कारखान्याच्या बाहेर आयुष्यात पहिल्यांदा कौतुक ऐकलं होतं.

बो बर्नहॅमचा 'एट्थ ग्रेड' (2018) मला यासाठी आवडला. त्यातली लाजरी मुलगी व्हिडिओ करते, ते जवळजवळ कुणीच बघत नाही, तरी ती मनापासून बोलते. दिग्दर्शक तिला हसत नाही. आपल्याकडे रील करणारी बाई पडद्यावर आली की ती विनोदालाच असते. माझ्या मावशीसारखीवर कुणीतरी नीट सिनेमा करावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

विजापूररोड_जिम

'खो गए हम कहाँ' (2023). मुंबईतली श्रीमंत पोरं, आपलं जग नाही. पण त्यातला जिम ट्रेनर खोट्या खात्यावरून आपल्याच मैत्रिणीला घाणेरडं लिहितो, ते खरं आहे. तसं लिहिणारी पोरं मी रोज बघतो. समोर फार गोड असतात.

करमाळ्याची

'सैराट' (2016) सोशल मीडियावरचा नाही, माहीत आहे. पण नागराज मंजुळे आमच्या जेऊरचे, आणि मला या विषयावर तोच आठवतो. आर्ची आईला फोन करते, आणि पुढे दारात भाऊ येतो, आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन.

माझ्या मैत्रिणीने जातीबाहेर लग्न केलं. नोंदणी झाली तेव्हा सगळ्यांचे फोन एका पिशवीत होते. एकानेही स्टेटस ठेवलं असतं तर गाव कळलं असतं. आज सगळं जग लग्नाचे फोटो टाकतं, आणि हिचा एकही कुठे नाही. बाळ झालं तेव्हा स्टुडिओत फोटो छापून पाकिटातून माझ्याकडे पाठवला. आता सिनेमात कुणी 'तिने आनंदाने फोटो टाकला' असं दाखवलं की मला आधी मागची पाटी दिसते, दुकानाचं नाव दिसतं, बसचा नंबर दिसतो.

चाटीगल्ली

करमाळ्याची ताई, वाचून बोलवत नाही. देव त्या दोघांना सुखी ठेवो.

खडू ताई, माझा मुलगा नववीत आहे. 'अ‍ॅडोलसन्स' त्याच्याबरोबर बघू का?

खडू_डस्टर

आधी तुम्ही दोघं नवरा-बायको बघा. चौथा भाग तर त्या मुलाच्या घरच्यांचाच आहे, तो जड जाईल. मग दुसरा भाग मुलाबरोबर बघा. मध्ये थांबवून काही समजावू नका. संपल्यावर चिन्हांचा अर्थ त्यालाच विचारा, आणि सांगेल ते ऐकून घ्या. सबटायटल लावा, उच्चार पटकन कळत नाहीत.